भांडणाची तालीम

दिवाळी संपली की आमच्या मधल्या खोलीत कापूस यायला लागायचा. आधी एका कोपऱ्यात, मग खिडकीपर्यंत, मग थेट आढ्याला टेकेपर्यंत. कापूस घरात मुरला की त्यातली डोळ्यांना न दिसणारी कीड माणसांच्या अंगावर चढते आणि सगळं घर खाजवायला लागतं, हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला कापूस म्हटलं की उशी आठवते. आमच्याकडे आई भाकर थापता थापता कोपराने बरगडी खाजवायची. बाबा जेवून उठले की दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे, बैलासारखे, डोळे मिटून. आणि मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, नवऱ्यामागे घराची अर्धी मालकीण आणि पूर्ण फौजदार, ती तुरीची काडी पाठीत घालून बसायची आणि तीच काडी बाहेर काढून समोरच्यावर रोखायची. खाजणारा माणूस चिडका होतो. ठेच्यात मीठ कमी पडलं यावरून आमच्याकडे मागच्या पिढीतली लग्नं उकरली जायची. मला ते दिवस फार आवडायचे. मी बारावी होऊन घरी बसले होते, आणि भांडण ऐकण्यासारखी करमणूक गावात दुसरी नव्हती.

त्याच हिवाळ्यात गावाला आणखी एक खाज सुटली. ती प्लॅस्टिकची होती, गोल आणि पांढरी होती, आणि यवतमाळहून आठवड्यातून तीनदा एसटीनं येणाऱ्या एका तरुण सरांच्या पिशवीत होती. सर पुण्याला शिकताना हा खेळ खेळले होते आणि आमच्या भागातल्या मुलामुलींना तो शिकवायचाच, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्याचं खरं नाव अल्टिमेट फ्रिस्बी. गावानं पहिल्या दिवशीच त्याला 'थाळीचा खेळ' म्हणून टाकलं आणि विषय मिटवला. गजाननच्या काकांनी सोयाबीन निघालेलं वावर हरभरा पेरेपर्यंत खेळायला दिलं. आम्ही घरोघरच्या चुलींतली राख गोळा करून त्या काळ्या मातीत रेघा ओढल्या. दोन्ही टोकांना एकेक चौकोन. तिथं आपल्या माणसानं थाळी झेलली की एक गुण. थाळी हातात घेऊन पळायचं नाही, जिथं झेलली तिथं उभं राहून दुसऱ्याकडे फेकायची. एका बाजूला सात जण, त्यात मुलगे आणि मुली मिसळून. या शेवटच्या अटीवरून गावात काय काय बोललं गेलं ते मी इथं लिहीत नाही, कारण बोलणारे बरेचसे अजून जिवंत आहेत आणि माझ्या घरी चहाला येतात.

सगळे नियम सांगून झाल्यावर सरांनी हात मागे बांधले आणि मंदिरात उभं राहिल्यासारखा चेहरा करून ते म्हणाले की या खेळात पंच नसतो. कुणाचा धक्का लागला, कुणाचा पाय रेघेवर पडला, हे खेळाडूंनीच एकमेकांशी बोलून ठरवायचं. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो. आमचा कॅप्टन गजानन, जो बोलण्याआधी नेहमी नाक ओढायचा, त्यानं नाक ओढून विचारलं, "म्हणजे भांडण आपुनच कराचं?" सर म्हणाले, भांडण नाही रे, चर्चा. आम्ही मान डोलावली. शहरातली माणसं भांडणाला चर्चा म्हणतात, एवढं आम्हाला कळत होतं.

सरांची एसटी गेली आणि आम्ही रेघेवरच बैठक घातली. चूक तिथं झाली, आणि ती चूक आमच्याखेरीज जगात कुठल्या टीमनं केली असेल असं मला वाटत नाही. आमचा हिशेब सरळ होता. पंच नाही, म्हणजे जो चांगला भांडेल तो जिंकेल. पळायचं कसं, फेकायचं कसं हे सर शिकवतीलच. पण सर आम्हाला नागपूरच्या ज्या स्पर्धेला नेणार होते तिथं मोठ्या मोठ्या शहरांच्या टीम येणार, त्यांच्यापुढे आपली जीभ लुळी पडली तर पाय घेऊन काय करायचं? तेव्हा भांडणाची वेगळी तालीम हवी. आणि तालीम द्यायला माणूस कोण, यावर एका क्षणाचाही वाद झाला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मोठी आई दुसऱ्याच संध्याकाळी आली. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, पान लावून, हातात तीच तुरीची काडी. नळावर, बसमध्ये, आर्णीच्या बाजारात, तहसीलच्या पायरीवर ती कधीच हरली नव्हती; आर्णीचे बांगडीवाले ती दिसली की दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुढं करायचे. तिनं आमच्या राखेच्या रेघांवरून एक चक्कर मारली, मावळतीकडे पाहिलं आणि पहिला धडा दिला: भांडताना सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा, समोरच्याचे डोळे मिचमिचले की तो खोटारडा दिसतो. मग ती खाली बसली. "आवाज चढवला का हारलीच समज," ती म्हणाली. "हळू बोलाव. हळू बोललं का लोक आयकाले जवळ येतात, आन् जवळ आले का आपल्याच बाजूचे होतात." विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधी द्यायचं नाही, त्याच्या शेजारच्या प्रश्नाचं द्यायचं. खोटं बोलायचं असेल तर त्यात एक गोष्ट खरी घालायची. गजाननला हे सगळं वहीत लिहून घ्यायचं होतं, पण वहीत पाहून भांडणाऱ्याचं जगात काही होत नाही, असं म्हणून तिनं त्याची वही मिटवली.

जोड्या लावायची वेळ आली तेव्हा तिनं काडी आधी माझ्याकडे केली आणि मग नाल्याच्या पलीकडच्या बंजारा तांड्यातून येणाऱ्या देवकीकडे. "ह्या दोघी," ती म्हणाली. "ह्यायचं आयतंच पेटलेलं हाय."

ते खरं होतं. देवकीचे बापू आणि माझे बाबा, यांची वावरं एकमेकांना लागून. मधल्या मातीच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. धुरा कोरणं ही एक कला आहे. एका वर्षात कुणी जमीन चोरत नाही. दरसाल वखर जरासा दाबून हाकायचा, आपल्या बाजूनं वीतभर माती काढायची आणि पलीकडच्या अंगाला टाकायची. धुरा तेवढाच जाड दिसतो, तसाच गवताळ दिसतो, फक्त वर्षावर्षाला चालत चालत शेजाऱ्याच्या वावरात जातो. बापूंनी बाबांवर हाच आरोप केला होता. बाबांनी तो सगळ्या गावापुढं उडवून लावला. त्या रागात बापूंनी धुऱ्यावरची बाभूळ तोडली, आणि तेव्हापासून दोन्ही घरांतलं बोलणं तुटलं. लहानपणी त्यांच्या घरी मी देवकीच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, हातची भाकर खाल्ली होती. आता देवकी आणि मी एका पायवाटेवर समोरासमोर आलो तर दोघी वावरात उतरायचो, वाट रिकामी सोडून.

सरांच्या दुर्दैवानं सगळ्या टीममध्ये माझी फेक सगळ्यात चांगली होती आणि देवकीचा झेल. लहानपणी ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून मी गोफणीनं पाखरं हाकलायची, मनगटाचा झटका मला तिथं मिळाला होता. थाळी माझ्या हातून सुटली की जमिनीला समांतर, तरंगत, न डगमगता जायची. देवकी तांड्यातली सगळ्यात जलद कापूस वेचणारी. तिचे दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळ्या बोंडांवर जायचे, आणि थाळी कुठूनही आली तरी ती त्या हातांत असायची. असं असताना मी तिच्याकडे कधी फेकायची नाही. ती चौकोनात एकटी उभी असायची, हात वर करून, आसपास कुणी नाही, आणि मी मान वळवून थाळी गजाननकडे द्यायची, जो ती छातीवर घेऊन खाली पाडायचा. सर पहिले काही दिवस समजावत राहिले. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की नागपूरच्या जीपमध्ये जागा मोजक्या आहेत, आणि एकमेकींकडे न फेकणाऱ्या दोघींपैकी एकीलाही ते नेणार नाहीत.

मला नागपूरला जायचंच होतं. नागपूर पाहायचं म्हणून नव्हे. सरांनी त्या मैदानाचा एक फोटो दाखवला होता, आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गवत होतं. हिरवं, कापलेलं, सपाट. आमच्या वावरात पळताना ढेकळं पायाला लागायची, सोयाबीनची खुंटं तळव्यात घुसायची, झेलायला झेप घेतली की कोपर सोलवटून निघायचं. पहाटे आम्ही नाल्यापर्यंत पळत जायचो आणि परत यायचो. दिवसभर वेचणी, पाठीला कापसाची झोळी, म्हणजे ओटा, आणि उन्हं कलल्यावर पुन्हा ते वावर. मी झोपताना आई माझ्या पायांना करंजाचं तेल लावायची आणि तेल लावता लावता खेळाला शिव्या द्यायची, दोन्ही सारख्याच मन लावून. त्या गवतावर एकदा अंग झोकून द्यायचं, एवढं एकच माझ्या मनात होतं. आज माझे गुडघे जिना चढताना आवाज करतात, आणि मला त्यात त्या ढेकळांचा आवाज ओळखू येतो.

तर मी देवकीकडे फेकायला लागले. जोरात, तिच्या नाकाच्या रोखानं. तिनं एकही सोडली नाही. आणि रोज संध्याकाळी, सर नसतील त्या दिवशी, आमची दुसरी तालीम व्हायची. दोन वर्षांत एक शब्द न बोललेल्या आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहायचो, मोठी आई मध्ये बसायची, बाकीची टीम गोल करून. विषय काल्पनिक द्यायचा असं ठरलं होतं, रेघ, धक्का, असलं काही. पण तिसऱ्या वाक्याला आम्ही धुऱ्यावर पोचायचो. "तुह्या बापानं धुरा कोरला," देवकी म्हणायची. मी हळू आवाजात, मावळता सूर्य पाठीशी घेऊन, बाभळीचं विचारायची. ती धुऱ्याचं विचारायची, मी बाभळीला किती वर्षं झाली होती ते सांगायची. चिडली की ती गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत, शिरायची, आणि मोठी आई काडी आपटून थांबवायची, कारण समोरच्याला समजत नाही त्या भाषेतली शिवी फुकट जाते. दहापैकी नऊ वेळा मी जिंकायची. टीम माझ्यासाठी टाळ्या वाजवायची.

तुम्हाला वाटत असेल, रोज भांडता भांडता आमची मैत्री झाली. नाही झाली. उलट मला ती आणखी असह्य व्हायला लागली, आणि त्याचं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. ती खरं बोलत होती. बाबा वखर हाकायचे तेव्हा कासरा धरून बैलांपुढं मी चालायची. "जराशी तिकडं दाब," असं ते मला म्हणायचे, आणि मी दाबायची. दरसाल वीतभर. मी तिसरीत गेले त्या वर्षापासून. मला जिंकून देणारं सगळं कसब एका गोष्टीवर उभं होतं, की मी त्या प्रश्नाचं उत्तर कधी देत नव्हते.

पालकाची सही असलेला कागद दिल्याशिवाय जीपमध्ये बसता येणार नव्हतं. बाबांनी तो कागद दोन दिवस खिशात ठेवला. मग म्हणाले, बाभुळगावची टीम आपल्या गावात सरावाचा सामना खेळायला येऊन राह्यली म्हणतात, तो पाह्यतो, मग सही. त्यांना खेळाशी काही देणंघेणं नव्हतं. तांड्याच्या पोरीबरोबर आपली पोरगी एका बाजूनं खेळते म्हणजे नक्की काय करते, ते त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं. त्या दिवशी दुपारी गाव एका अंगाला उभं राहिलं आणि तांडा दुसऱ्या. बाबा पुढं होते. समोर पलीकडच्या रेघेजवळ बापू, डोक्याला पांढरा फेटा, हात छातीवर बांधलेले. मोठी आई गजाननच्या बैलबंडीवर चढून बसली होती, लेकीच्या लग्नाला आल्यासारखी.

आम्ही काय केलं ते आठवलं की अजून मला एकाच वेळी हसू आणि लाज येते. बाभुळगावचे पोट्टे-पोट्टी चांगले होते, नीट होते, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे शर्ट. पहिलीच थाळी त्यांच्या मुलानं झेलली आणि गजाननानं नाक ओढून धक्का लागल्याचं जाहीर केलं. मग प्रत्येक थाळीला आम्ही थांबलो. रेघेवर, रेघेबाहेर, हात लागला, वारा लागला. आम्ही सूर्याला पाठ करून उभे राहायचो, हळू बोलायचो, विचारलेल्याचं उत्तर द्यायचो नाही. निळे शर्ट आधी चकित झाले, मग दमले, मग प्रत्येक वेळी थाळी आम्हाला देऊन मोकळे व्हायला लागले. सर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते. आम्हाला हे कुणी शिकवलं, ते त्यांना कळेना, आणि बंडीवरून मोठी आई त्यांच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं पाहत होती. सात गुण आधी करेल तो जिंकेल असं ठरलं होतं. खेळायला हवा होता त्यापेक्षा तिप्पट वेळ घेऊन आम्ही सहा-सहावर आलो.

शेवटची थाळी माझ्या हातात होती. देवकी चौकोनाच्या कोपऱ्याकडे पळाली, त्यांची एक बारीकशी मुलगी तिच्या मागं. मी फेकली. इतकी सुंदर थाळी मी पुन्हा आयुष्यात फेकली नाही, हे मी पंच नसताना सांगते आहे. देवकीनं अंग ताणून ती बोटांच्या टोकांवर घेतली आणि धडपडत थांबली. गाव ओरडलं, तांडाही ओरडला, आणि दोघांनी एकाच गोष्टीसाठी ओरडावं हे अनेक वर्षांत पहिल्यांदा घडत होतं. निळ्या शर्टवाली मुलगी धापा टाकत उभी राहिली. देवकीनं सवयीनं सूर्याकडे पाठ केली. आम्ही सगळे तयार होतो.

पण त्या मुलीनं भांडण काढलंच नाही. ती म्हणाली, "मले मागून नीट दिसलं नाई. पाय आत होता का बाहेर? तू सांगशील ते."

याच्यासाठी आमच्याकडे धडा नव्हता. मोठ्या आईनं सगळं शिकवलं होतं, पण समोरचा माणूस आपला शब्द मागेल, हे तिच्या आयुष्यात कधी घडलंच नसावं. देवकीनं थाळी छातीशी धरली. तिनं मोठ्या आईकडे पाहिलं, मग बापूंकडे, मग खाली. रेघ राखेची होती, आणि आमच्या नियमात रेघेवरचा पाय बाहेरचा.  माझ्या मनात ते गवत होतं. हो म्हण, मी तिला मनातल्या मनात सांगत होते, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बाजूनं.

"बाहेर," ती म्हणाली. "पाय राखंवर होता."

तांड्याच्या बाजूनं कुणीतरी कपाळावर हात मारला. तिनं थाळी त्या मुलीच्या हातात दिली, आणि मला वाटलं ती आता खेळायला परत येईल. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. सूर्य तिच्या डोळ्यांत होता. ती जागा तिनं मुद्दाम घेतली होती की काय, मला आजही कळलेलं नाही.

"म्या सांगतलं," ती म्हणाली. "आता तू सांग."

कशाबद्दल, हे त्या वावरात उभ्या असलेल्या एकाही माणसाला विचारावं लागलं नाही. बाबा दहा पावलांवर होते. त्यांच्या खिशात माझा कागद होता, घडी दिसत होती. माझ्याकडे बाभूळ होती, मागची लग्नं होती, शेजारचे सगळे प्रश्न होते, आणि सगळ्या टीमची खात्री होती की मी आता तिला उभी चिरीन. मी तोंड उघडलं, आणि तालमीचा परिणाम म्हणा, आवाज आपोआप हळू लागला. हळू बोललं की लोक जवळ येतात. दोन्ही बाजू जवळ आल्या.

"कोरला," मी म्हटलं. "दरसाल. बैलांपुढं मीच होते. दोन हात तरी असन."

पुढचा सामना कुणी नीट पाहिला नाही. निळ्या शर्टांनी सातवा गुण केला आणि एसटी पकडायला निघून गेले. बाबा माझ्याकडे न पाहता घरी गेले. बंडीवरून उतरताना मोठ्या आईला मी हात द्यायला गेले तर तिनं तो झिडकारला. तिचाही वाटा होता त्या जमिनीत, हे मी विसरलेच होते. "म्या तुले जिंकाले शिकवलं व," ती म्हणाली. "हे कुठून शिकली?"

त्यानंतरचे तीन दिवस घरात फक्त खाजवण्याचा आवाज होता. आई माझ्या ताटात भाकर वाढायची, पण वरून तेल घालायची नाही. अंबाडीची भाजी झाली होती, जी मला आवडते, आणि ती दुसऱ्यांदा घेणार का, असं मला कुणी विचारलं नाही. बाबा चौकटीला पाठ घासायचे आणि मी खोलीत आले की घासायचे थांबायचे. गावात पारावर काय चाललं असेल ते मला घरात बसून ऐकू येत होतं. नागपूर गेलं, हे मी धरून चालले होते. सरांनाही तसा निरोप दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा कुदळ आणि फावडं घेऊन वावरात गेले. मी लांबून पाहिलं. ते धुऱ्याची माती ओढून आपल्या वावरात घेत होते, टोकापासून टोकापर्यंत, हातानं मोजून. दोन हात. बापू पलीकडे उभे राहून पाहत होते.  काम संपल्यावर बापू वाकले, नव्या धुऱ्यावरचं एक ढेकूळ उचलून फोडलं, आणि तांड्याकडे चालते झाले.

बाबा घरी आले, हातपाय धुतले, आणि खिशातला कागद काढून माझ्यापुढं धरला. घामानं तो मऊ झाला होता. "कुठं कराची सही?" त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं. सही करता करता म्हणाले, "चार दिवस गावाबाहेर राह्यशीन. तेवढीच शांती. नाईतर अजून काय काय सांगत बसशीन." आणि चौकटीकडे गेले.

जीपमध्ये सरांनी मला आणि देवकीला शेजारी बसवलं, मुद्दामच. यवतमाळपर्यंत आम्ही दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर पाहत होतो. यवतमाळ सुटल्यावर ती खिडकीकडेच पाहत म्हणाली, "चार होते."

मी म्हटलं, काय चार. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. "चार हात. वीत दरसाल, आठ साल. तू बैलांपुढं होती न? मंग मोज." मी म्हटलं, दोनच होते. मला चांगलं आठवतं. कळंब येईपर्यंत मी दोनवर अडून बसले, आणि सांगते, फार छान भांडले. पुढच्या सीटवरचा गजानन मान वळवून ऐकायला लागला. देवळीच्या आसपास मी अडीचवर आले, कारण सुरुवातीची एक-दोन वर्षं मला नीट आठवत नव्हती असं मला आठवलं. वर्धा मागं पडलं तेव्हा तीन झाले होते.  ती नुसती बाहेर पाहत होती, आणि मी एकटीच भांडत होते. जीप मैदानाच्या फाटकात थांबली. आत ते गवत होतं, फोटोतल्यापेक्षाही हिरवं, कुणीतरी त्याला पाणी मारत होतं. मी उतरायला पाय खाली टाकला आणि म्हटलं, "चार."

"मले माईत हाय," देवकी म्हणाली. "मले कायले सांगतं? गावात गेल्यावर सांग." मग खाली उतरली आणि म्हणाली, "चाल."

त्या चार दिवसांत आम्ही सगळे सामने हरलो. सरांनी जीपमध्येच आमच्याकडून शपथ घेतली होती की कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि तोंड बंद ठेवल्यावर आमच्या लक्षात आलं की आम्ही खेळतो तसे बरेच वाईट. पण मी देवकीकडे फेकत राहिले आणि तिनं एकही सोडली नाही. त्या गवतावर मी इतक्या वेळा अंग टाकलं की कपड्यांचे हिरवे डाग आईला कधी काढता आले नाहीत. रोज संध्याकाळी मैदानाच्या नळावर देवकी पाय धुता धुता मला एकच विचारायची: पाठ झालं का? मी म्हणायची, चार हात. ती म्हणायची, तसं नाई, हळू नोको बोलू, बाबासमोर बोलाचं हाय तसं बोल. बाकीच्या टीम स्पर्धेसाठी सराव करत होत्या. मी घरी जायचा करत होते.

जीप गावात शिरली तेव्हा ऊन अजून होतं. बाबा दारातल्या रांजणाजवळ पाय धूत होते, एक पाय धोंड्यावर. मोठी आई ओसरीवर काडी पाठीत घालून बसली होती. तांडा पुढं होता, देवकीला उतरायचं कारण नव्हतं. तरी ती उतरली, आणि पिशवी खांद्याला लावून रस्त्यातच उभी राहिली.  बाबांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागं उभ्या असलेल्या तिच्याकडे.

"बाबा," मी म्हटलं, "चार होते."